जपानसरांच्या दहा ओळी

फोनवर बोलतानासुद्धा ते कमरेतून वाकायचे. समोर माणूस नाही. समोर स्टाफरूमचं टेबल आणि त्यावर कुणीतरी सांडलेला चहा. पण पलीकडून कुणी "बरं का सर" म्हटलं की हे वाकणार, "हो, हो, आभारी आहे" म्हणणार, आणि फोन ठेवताना परत एकदा वाकणार. तुम्ही कुठल्याही गावच्या कॉलेजात शिकला असाल, तर असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल, ज्याची नक्कल वर्गातल्या प्रत्येकाला येते. आमच्याकडं ती मला सगळ्यांत चांगली यायची. हे आधीच सांगून टाकते. कारण पुढं मी बऱ्याच लोकांवर संतापणार आहे, आणि त्यांच्यात मी नाही असं तुम्हाला वाटायला नको.

नाशिकच्या आमच्या लॉ कॉलेजात ते प्राध्यापक होते. शिकवायचे करार कायदा. पण आयुष्यभर अभ्यास केला तो जपानी कायद्याचा. आता आमच्याकडं पोरं येतात ती सातबारा, वाटणीचे दावे आणि चेक बाउन्स शिकायला. त्यांच्यात हा जपानी कायद्याचा माणूस. सोबतचे प्राध्यापक त्यांना सरळ 'जपान' म्हणायचे. "ए जपान, चहा घेणार का?" आम्ही मागं 'सर' जोडायचो, एवढाच काय तो आदर.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "चूक कुणाची ते नंतर बघू. आधी सांगा, वाईट वाटलं का?" बाकावरून दोन पोरं भांडली, वाचनालयाचं पुस्तक फाटलं, शिपायाच्या हातून कप फुटला, की सर हजर आणि वाक्य हजर. फोडणारा गोंधळायचा. त्यानं तोवर मनात तीन कारणं जुळवून ठेवलेली असायची आणि सरांना त्यातलं एकही नको असायचं.

नाशिकच्या द्वारका चौकात एकदा माझ्या डोळ्यांदेखत एका रिक्षानं त्यांच्या स्कूटरचा आरसा उडवला. चूक शंभर टक्के रिक्षावाल्याची. तो उतरला तोच बाह्या सरसावत. सरांनी स्कूटर स्टँडवर लावली, वाकले आणि म्हणाले, "माफ करा, तुम्हाला दचकवलं. माझंही लक्ष नव्हतं."

रिक्षावाल्याचं तोंड उघडं राहिलं. मग त्याला शहाणपण सुचलं. जमलेल्या लोकांकडं वळून तो ओरडला, "ऐकलं ना सगळ्यांनी? साहेबांनी सोताच्या तोंडानं कबूल केलं! आता माझा पत्रा कोण भरून देणार?"

मी मध्ये घुसले, रिक्षावाल्याला सोलून काढलं आणि पिटाळून लावलं. सर फुटलेल्या आरशाचे तुकडे गोळा करत होते.

"सर, तुम्ही कायदा शिकवता ना? माफी मागितली की ती कबुली होते!"

"तो इथला नियम झाला," ते म्हणाले. "आणि तेवढाच नियम आहे असं समजू नये."

सर नांदगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरचे. गुणी विद्यार्थी, म्हणून तरुणपणी शिष्यवृत्ती मिळाली आणि जपानात गेले. पाच वर्षं तिथं राहिले, ती भाषा शिकले, त्या भाषेत प्रबंध लिहिला. प्रबंधाचा विषय, कोर्टाच्या तडजोडीत माफीला काय जागा असते. तिथल्या विद्यापीठानं राहा म्हटलं होतं. पण इकडं आईनं अंथरूण धरलं, आणि धाकटी बहीण एकटी किती करणार, म्हणून परत आले. आल्या आल्या या कॉलेजात लागले आणि इथंच पिकले.

त्यांची बढती कशी अडली ते ऐका. त्यांचे सगळे निबंध जपानी नियतकालिकांत छापलेले. निवड समिती म्हणाली, आम्हाला वाचता येत नाहीत, प्रमाणित भाषांतर जोडा. सरांनी भाषांतर केलं. समिती म्हणाली, लेखकाचं स्वतःचं चालत नाही, दुसऱ्या जाणकाराचं आणा. जाणकार आणायचा कुठून? अख्ख्या जिल्ह्यात कायदाही कळतो आणि जपानीही येतं असा माणूस एकच. आणि त्याचंच तर चालत नव्हतं!

पुढच्या खेपेला बाहेरून तज्ज्ञ आले होते. त्यांनी विचारलं, महाराष्ट्रातल्या पक्षकाराला जपानी कायद्याचा उपयोग काय? सर गप्प बसले. जपानात म्हणे चांगल्या प्रश्नाला पटकन उत्तर देणं बरं दिसत नाही. सरांना प्रश्न मनापासून आवडला होता, म्हणून ते विचार करत बसले. तज्ज्ञांनी थोडा वेळ घड्याळाकडं पाहिलं आणि "ठीक आहे, या" म्हणाले.

"अगं, मी उत्तरापाशी पोचलोच होतो," सर मला सांगायचे. सांगताना हसायचे. मला मात्र ते टेबल उलटं करावंसं वाटायचं.

"काय होतं उत्तर?"

"तेच तर तीस तास शिकवायचं आहे."

ते तीस तास म्हणजे त्यांचा हट्ट. दरवर्षी कॉलेज सुरू झालं की सूचनाफलकाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात त्यांच्या हातानं लिहिलेला कागद लागायचा. 'जपानी कायद्याची ओळख. तीस तास. इच्छुकांनी नावं द्यावीत.' चार कोपऱ्यांना चार टाचण्या. कॉलेजच्या नियमाप्रमाणं असल्या जादा अभ्यासक्रमाला किमान दहा विद्यार्थी लागतात. सरांकडं कधी दोन आले, कधी एक. एका वर्षी तीन आले, त्यातला एक जपानला जायला व्हिसा कसा मिळतो हे विचारायला आला होता. मुदत संपली की सर स्वतः येऊन कागद काढायचे. टाचण्या तिथंच परत खोचून ठेवायचे, पुढच्या वर्षीसाठी.

माझी त्यांची ओळख झाली ती एका पत्रकावरून. मुलींच्या वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीत मेलेलं कबूतर सापडलं होतं. मी तेव्हा विद्यार्थ्यांच्या संघटनेत नवी नवी पुढारी. रातोरात पत्रक काढलं, पिवळ्या कागदावर. 'प्राचार्यांनी जाहीर माफी मागावी!' सकाळी स्टाफरूममध्ये शिरून प्रत्येक टेबलावर आपटलं. बाकीच्यांनी त्याच्यावर डबे ठेवले. सरांनी मात्र चष्मा बदलला आणि शेवटपर्यंत वाचलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो सर."

"मराठी खणखणीत आहे. एक शंका विचारू?"

"विचारा."

"उद्या त्यांनी खरंच माफी मागितली, तर तुम्ही काय करणार?"

"ते मागणारच नाहीत."

"धर, मागितली. घ्यायची तयारी आहे का? की तेवढ्यात दुसरं पत्रक?"

माझं डोकं फिरलं. "पाणी आम्ही प्यायलो सर, आणि तयारीही आम्हीच करायची?"

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले आणि किंचित वाकले. "बस. चहा घे. पाणी उकळलेलं आहे."

त्या दिवसापासून मी त्यांची 'पुढारीणबाई' झाले. "या पुढारीणबाई, आज कुणाचा निषेध?" मी जायची, बसायची, भांडायची. मी इगतपुरीची, बाप रेल्वेत. आमच्या घरी माफीबिफी कुणी मागत नाही. चुकलं तर दुसऱ्या दिवशी आई न बोलता गरम भाकरी वाढते, संपलं. सरांना ते फार आवडलं होतं. "हे लिहून ठेवायला हवं," म्हणाले, आणि खरंच वहीत लिहून ठेवलं.

त्यांनी मला एका कारखान्याची गोष्ट सांगितली होती. जपानातल्या एका खाडीत त्या कारखान्यानं पारा सोडला. मासे खाऊन माणसं वाकडी झाली, पोरं जन्मतःच लुळी झाली. वर्षानुवर्षं लढून लोक कोर्टात जिंकले. जिंकल्यावर ते कंपनीच्या साहेबांसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, निकाल राहू द्या बाजूला, आधी आमच्याकडं बघा. मग तो बडा साहेब जमिनीला कपाळ टेकवून त्यांच्यापुढं वाकला.

"मग काय झालं? गेलेली माणसं आली का परत?" मी विचारलं.

"नाही."

"मग नाटकच ते."

"असेलही," सर म्हणाले. "पण त्या माणसांना ते निकालाइतकंच हवं होतं. हे त्यांनी मागितलंय, आपण नाही. आपण फक्त का मागितलं ते समजून घ्यायचं."

मी समजून घेतलं नाही. मला अन्याय कळायचा, तो कुणी केला ते कळायचं आणि त्याचं नाव मोठ्या अक्षरात कसं छापायचं ते कळायचं. एवढ्यावर माझं चाललं होतं.

माझं शेवटचं वर्ष आलं. सरांचंही नोकरीचं शेवटचं. जूनमध्ये फलकावर कागद लागला तेव्हा मी शेजारी उभी होते. टाचणी बोटानं दाबत ते म्हणाले, "एकदा तरी पुरा शिकवायचा होता गं. आता यंदा नाही तर नाही."

तेवढंच म्हणाले. त्यांनी मला काही करायला सांगितलं नव्हतं. हे दहादा लिहायची माझी तयारी आहे.

मी केलं ते असं. वाचनालय संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं ठेवा, असं आमचं निवेदन त्या आठवड्यात फिरत होतं. मी कँटीनमध्ये बसून सह्या घेत होते. माझ्या कागदावर सही करताना कुणी वाचत नाही. 'ताई, कुठं करू?' एवढंच विचारतात. त्याचा मला अभिमान होता. निवेदनाच्या खाली मी दुसरा कागद लावला, सरांच्या अभ्यासक्रमाचा नावनोंदणीचा. "दोन्हीकडं करा," म्हटलं. अकरा जणांनी दोन्हीकडं केल्या. बारावी माझी.

मला वाटलं, मी मोर्चा जिंकला. पोरं एकदा नावानिशी अडकली की येतील. नाही आली तर ओढून आणू. चांगल्या कामाला थोडी लबाडी चालते, असं आमच्यात सगळेच म्हणतात. कुणी छापत नाही.

सरांना यादी दिली तेव्हा त्यांनी आधी चष्मा बदलला. बाराही नावं मोठ्यानं वाचली. मग आपल्या खिशातून एक लहान लाल शिक्का काढला. जपानात सहीच्या जागी असा शिक्का मारतात. त्यांच्या तिथल्या गुरुजींनी त्यांच्या नावाचा कोरून दिला होता. यादीच्या खाली त्यांनी तो मारला, फुंकर घातली आणि म्हणाले, "आता मी बांधला गेलो. तीस तास."

पहिल्या दिवशी सरांनी नवा शर्ट घातला होता. फळ्यावर रंगीत खडूंनी जपानचा नकाशा काढला होता. मी दमदाटी करून पाच जण आणले होते. दुसऱ्या तासाला तिघं उरली. एक जण मला जिन्यात म्हणाला, "ताई, मी सही वाचनालयासाठी केली होती यार. हे काय मध्येच जपान?" पंधरवड्यात मी एकटी उरले. आणि मग इगतपुरीकडं धरणाच्या पाण्याचं आंदोलन पेटलं आणि मीही जाईनाशी झाले. तिकडं पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन रस्त्यावर बसलेल्या, आणि इकडं मी जपानी तडजोड शिकत बसू? असं स्वतःला विचारायची. प्रश्न चोख होता. उत्तर मात्र मी लगेच दिलं, सरांसारखी थांबले नाही.

तीन आठवड्यांनी कॉलेजात आले. शिपाई मामा जिन्याशी भेटले. सरांहून थोडे लहान, त्या मजल्यावरच्या खोल्या उघडणारे.

"सर कुठंयत मामा?"

"वर्गावर हायेत."

"कोण आहे वर्गात?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. "कोन असनार? रोज जात्यात, फळा भरत्यात, घंटा झाली का पुसत्यात. मी म्हनलं सर, कशापाई? तर म्हनले, शिक्का मारलाय. लय वाईट वाटतं बाई बघून. मी दोनदा बसलो मागं जाऊन. मला काय कळतंय? पर सरांनी मलाबी कागद दिला, छापील."

मी वर गेले. दारातून पाहिलं. सर रिकाम्या बाकांना काहीतरी विचारत होते आणि उत्तराची वाट पाहत होते. मी आत गेले नाही. जिन्यावरून खाली आले. का, ते विचारू नका. मला अजून सांगता येत नाही.

हजेरीपटावर सर रोज खरं लिहीत होते. 'उपस्थित : कोणी नाही.' सही. दुसरा कुणी असता तर बारा 'पी' ठोकून मोकळा झाला असता, आणि आज त्याच्या नावाची पाटी कुठंतरी असती. पुढं कॉलेजची तपासणी करायला बाहेरची समिती आली. हजेरीपट त्यांच्या हाती पडला. बारा जणांची नोंदणी, कोणी येत नाही, आणि वर्ग चालू? पोरांना एकेक करून बोलावलं. पोरांनी खरं ते सांगितलं. "आम्ही वाचनालयाच्या अर्जावर सही केली होती. हा कोर्स आम्ही मागितलाच नव्हता."

अर्ज कुणी फिरवला हे त्यांना विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. विचारलं असेल तर पोरांनी मला वाचवलं. मला समितीनं बोलावलंच नाही. मी त्या आठवड्यात गावी होते.

सरांना नोटीस आली. निवृत्तीपूर्वी स्वतःचा अभ्यासक्रम दाखवण्यासाठी खोट्या सह्या गोळा केल्या, असा आरोप. सात दिवसांत लेखी खुलासा द्या. मी धावत त्यांच्या घरी गेले. गंगापूर रोडच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट, भिंतीला पुस्तकं, एकट्या माणसाचं स्वच्छ घर.

"सर, मी प्राचार्यांकडं जाते. सांगते, कागद माझा होता."

"तुझी परीक्षा कधी?"

"त्याचा काय संबंध?"

"मग वकिलीची सनद घ्यायची. वर्तणुकीचा दाखला कोण देणार तुला? हेच प्राचार्य ना?" ते चहाचं आधण ठेवायला उठले. "तुला विचारलं नाही त्यांनी. मला विचारलंय."

इथं मी गप्प बसले. नीट वाचा, गप्प बसले. एरवी कुणी माझं तोंड बंद करू शकत नाही. पाण्याला उकळी येईपर्यंत मला बोलायला भरपूर वेळ होता.

मग मी बोलले ते वकिलासारखं. "खुलासा द्या सर. सह्या मी गोळा केल्या नाहीत, मला माहिती नव्हती, बास. दोन ओळी. माफीचा शब्द नको. द्वारकेचं आठवतंय ना?"

"आठवतंय."

"तुम्हीच करार शिकवता. लिहून दिलं की पुरावा होतो."

"हो," सर म्हणाले. "पण अकरा पोरांना न विचारता त्यांची नावं माझ्या हौसेला जुंपली गेली. यादी माझ्या हातात आली तेव्हा मी एकालाही विचारलं नाही, बाबा, तुला खरंच यायचंय का? मला विचारायचंच नव्हतं. यादी खरी असावी असं वाटत होतं. त्याचं वाईट वाटलं तर ते मी कुठं लिहू? खुलाशात त्याला रकाना नाही."

त्यांनी माफीपत्र लिहिलं. दहा ओळी, हातानं. कारण एकही नाही, नाव कुणाचं नाही. 'विद्यार्थ्यांच्या नावाचा आणि विश्वासाचा माझ्याकडून अवमान झाला. जबाबदारी माझी आहे. मला मनापासून खेद वाटतो.' खाली सही आणि सहीशेजारी तो लाल शिक्का. कार्यालयातला कारकून म्हणाला, "सर, हा कसला ठिपका? खाजगी शिक्का चालत नाही." सर म्हणाले, "माफ करा," आणि वाकले.

जपानात म्हणे अशा पत्रानंतर समोरचा माणूस ते घेतो, मान लववतो आणि विषय मिटतो. आमच्याकडं समितीनं अहवालात लिहिलं, 'सदर प्राध्यापकांनी गैरप्रकार लेखी मान्य केला आहे.' विषय मिटला! अभ्यासक्रम कायमचा बंद. त्यांच्या बढतीचा शेवटचा प्रस्ताव परत. मार्चअखेर ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. आमच्या कॉलेजात पाण्याचा पंप बसवणाऱ्या कंत्राटदारालासुद्धा शाल मिळाली आहे. सरांना मिळाली नाही.

मी पेटले. मी पत्रक काढलं. लाल कागदावर काळी अक्षरं. 'जपानसरांवर अन्याय! विद्वत्तेचा गळा घोटणाऱ्यांचा धिक्कार!' प्राचार्य, समिती, पोरं, कोणालाही सोडलं नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत चांगलं पत्रक. छापायच्या आधी सरांना दाखवायला नेलं.

त्यांनी चष्मा बदलला, शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली.

"मराठी खणखणीत आहे," म्हणाले. मग विचारलं, "वाईट वाटलं का?"

"सर, संताप येतोय मला! यांना रस्त्यावर..."

"संताप नाही विचारला."

मी दारातच उभी होते. त्यांच्या आवाजात काही बोचरं नव्हतं, तसं असतं तर मी भांडले असते. त्या पत्रकात सगळं होतं, एक वाक्य सोडून. ते कुठलं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, "येते सर," आणि निघाले. पत्रक छापलं, वाटलं. लोकांनी वाहवा केली.

त्यानंतर मी त्यांच्याकडं गेले नाही. सनद मिळाली. इगतपुरीला पाड्यांवरच्या लोकांची कामं करू लागले. सरांना पत्र लिहायला मी तीनदा बसले. तिन्ही वेळा पहिल्या दोन ओळींनंतर प्राचार्य घुसले, मग व्यवस्था घुसली, मग उद्गारचिन्हं. फाडून टाकली. मला निषेधच लिहिता येतो. दुसरं कधी शिकलेच नव्हते, आणि शिकवणारा वर्गावर उभा असताना मी जिन्यावरून परत आले होते.

मागच्या हिवाळ्यात सरांच्या घरी गेले एकदाची. दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुम्हाला कळलं नाही का? दोन आठवडे झाले. झोपेतच गेले. बहिणीनं नेलं सगळं सामान, नांदगावला."

नांदगावला बहिणीचं घर शोधत गेले. त्या शेतातून येत होत्या. मी नाव सांगितलं. त्या थांबल्या.

"तूच का ती पुढारीणबाई? आण्णा सांगायचा. लय भांडती म्हनायचा, पन खरी हाय."

मी 'हो' म्हटलं.

"तुमच्या पोरांचे कागद हायेत, घेऊन जा बाई. म्या काय करू त्यांचं? रद्दीत घालवना."

त्यांनी पेटीतून गठ्ठा काढला. बारा संच, दोऱ्यानं शिवलेले. तीस तासांच्या टिपणांचे. प्रत्येकावर एकेका पोराचं नाव, सरांच्या अक्षरात, माझ्या त्या यादीतल्या क्रमानं. एकाचंही पान उलटलेलं नव्हतं. बाराव्यावर माझं नाव.

मी शेवटचं पान उघडलं. तिसावा तास. वर लिहिलं होतं, 'स्वाध्याय. स्वतःची एक चूक घ्या. कारण न देता, दुसऱ्या कुणाचं नाव न घेता, दहा ओळींत माफीपत्र लिहा. ज्याला द्यायचं त्याला स्वतः नेऊन द्या. टपालानं पाठवू नये.' खाली पेन्सिलीनं, पट्टी धरून आखलेल्या दहा ओळी. बाराही संचांत आखलेल्या. एकेक हातानं.

त्या दहा ओळी भरायला मला जूनपर्यंत वेळ लागला. सरांचं नाव घातलं की ते पत्रक व्हायचं. शेवटी फक्त एवढं उरलं, की सह्यांचा कागद माझा होता, मी फसवून घेतल्या, विचारलं तेव्हा आणि न विचारलं तेव्हाही गप्प बसले, आणि मला वाईट वाटतं. पान कापून मी कॉलेजच्या कार्यालयात नेलं. तोच कारकून.

"कुणाच्या नावे आहे हे?"

"सरांच्या. जपानसरांच्या."

"ते वारले ना?"

"हो."

"मग मी आवक कुठं करू बाई? ती फाईल बंद आहे." त्यानं कागद परत सरकवला. उद्धटपणे नाही. खरंच त्याच्याकडं रकाना नव्हता.

बाहेर आले. प्रवेशांचे दिवस, फलक कागदांनी गच्च भरलेला. उजवा खालचा कोपरा तेवढा मोकळा. चार टाचण्या, चौकोनात. शिपाई मामा मागं येऊन उभे राहिले. त्यांच्या नोकरीचे शेवटचे महिने होते.

"ती जागा सरांची," ते म्हणाले. "म्या हाय तवर तिथं दुसरं काय लावू देत नाय."

मी टाचण्या काढल्या आणि तिथं माझ्या दहा ओळी लावल्या. आजवर मी शेकडो पत्रकं चिकटवली आणि चिकटवली की पळाले, कारण पकडलं तर कारवाई होते. या वेळी तिथंच उभी राहिले. एक नवी मुलगी वसतिगृहाची यादी शोधत आली. बोट फिरवत फिरवत खाली पोचली, दहाही ओळी वाचल्या, सही वाचली.

"ही तुम्ही का?"

"हो."

"ज्यांची माफी मागितलीये ते कुठल्या खोलीत बसतात?"

मी सांगायला तोंड उघडलं, आणि मला एकदम काहीच सुचेना. मी विचार करत राहिले. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, घड्याळ पाहिलं आणि "बरं, येते ताई" म्हणून गेली.